लॅमिनेशन चालणार नाही

लग्न करायचं ठरलं तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते आणि तो पन्नाशी ओलांडून पुढे गेला होता. या वयात हॉल, मेंदी, घोडा असला तमाशा नको, यावर आमचं पहिल्याच दिवशी एकमत झालं. नोंदणी पद्धतीने लग्न करायचं, शांतपणे आणि सुटसुटीत. सुटसुटीत हा शब्द माझा होता. सरकारी वेबसाइट उघडल्यावर तो मी मुकाट्याने मागे घेतला.

तिथे वैवाहिक स्थिती असा एक रकाना होता. त्याने ‘अविवाहित’वर टिचकी मारली आणि वेबसाइटने त्याच्यावर ताबडतोब विश्वास ठेवला. इतकी वर्षं बिनलग्नाचा कसा राहिलास, कुणी साक्षीदार आहे का, असं काही विचारलं नाही. मग मी माझ्या बाजूला ‘विधवा’वर टिचकी मारली. लगेच लाल अक्षरं उमटली: पूर्वीच्या पतीच्या मृत्यूचा दाखला जोडा.

“बघ, माझी फाइल एकदम क्लीन आहे,” तो म्हणाला.

“क्लीन नाही रे, कोरी आहे,” मी म्हटलं.

तो माझ्याच ऑफिसात होता, अंधेरीला, डिस्पॅच सेक्शनमध्ये. घाटकोपरला भावाच्या घरात एका खोलीत राहायचा आणि दुपारी कॅन्टीनचं जे असेल ते निमूटपणे गिळायचा. एकदा मी माझ्या डब्यातली कुळथाची पिठी त्याच्यापुढे सरकवली. त्याने पहिला घास खाल्ला आणि विचारलं, हे कुणी केलंय? सासूबाईंनी, असं मी सांगितलं. त्यानंतर कित्येक वर्षं आमच्या बोलण्याची सुरुवात ‘आज मावशींनी काय दिलंय’ इथूनच होत राहिली. त्यामुळे आमचं जे काही जमलं त्याचं निम्मं श्रेय सासूबाईंचं आहे. फक्त हे त्यांना सांगायचं कुणी, हा प्रश्न होता.

माझा नवरा गेल्यापासून त्या आणि मी मुलुंडच्या वन रूम किचनमध्ये दोघीच राहत होतो. मूल झालं नाही. नवरा गेला तेव्हा सगळ्यांनी धरून चाललं की मी माझ्या माहेरी डोंबिवलीला जाईन आणि त्या बोरिवलीला लेकीकडे. आम्ही दोघींनी तसं काहीच केलं नाही. बाराव्या-तेराव्याची माणसं पांगली, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन कप चहा टाकला आणि मी दूध आणायला खाली उतरले. झालं. त्यावर चर्चा अशी कधी झालीच नाही. अकरा वर्षं आम्ही भांडलो, आजारी पडलो, एकमेकींना डॉक्टरकडे नेलं, मालिका बघताना एकमेकींवर खेकसलो. मला त्याच्याशी लग्न करायचं होतं आणि सासू सोडायची नव्हती. असं वाक्य आजवर मराठीत कुणी मोठ्याने म्हटलं असेल असं मला वाटत नाही, म्हणून मीही म्हटलं नाही.

दाखला कुठे आहे हे मला ठाऊक होतं. सासूबाईंच्या कपाटात, रेशमी साड्यांच्या खाली, निळ्या फाइलमध्ये. त्या फाइलीतल्या सगळ्या कागदांना एकच विशेष होता. ते सगळे लॅमिनेट केलेले होते.

सासूबाईंचा लॅमिनेशनवर विश्वास होता, इतरांचा बुवांवर असतो तसा. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे त्या भाजीच्या पिशवीतून कागद घेऊन जायच्या आणि गरमागरम, चकचकीत होऊन आलेला कागद पंख्याखाली धरायच्या. सासरे गिरणीत होते, त्यांचं गिरणीचं ओळखपत्र लॅमिनेट केलेलं. मुलाची दहावीची मार्कशीट, गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची पावती, गॅसचं जुनं कार्ड, सगळं लॅमिनेट. एका फ्रिजचं वॉरंटी कार्डसुद्धा होतं. तो फ्रिज भंगारात गेला त्याला युगं झाली, पण वॉरंटीला ओरखडा नाही. इतकं प्लास्टिक कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, जी गोष्ट जाऊ नये असं वाटतं तिला काहीतरी घालून ठेवावं लागतं. त्या वेळी मी हसले होते.

एकदा सासूबाई देवळात गेल्या असताना मी फाइल काढली, दाखल्याचा मोबाइलवर फोटो घेतला आणि वेबसाइटला चढवला. वेबसाइटने स्वीकारला. मला वाटलं, सुटले. पण मूळ कागद घेऊन दोघांनी पडताळणीला यायचं होतं. मग मिळालेल्या तारखेला सकाळी दाखला माझ्या पर्समध्ये आणि मी विवाह नोंदणीच्या कार्यालयात. तिथल्या बाईंनी दाखला ट्यूबलाइटखाली धरला, तिरका केला, पुन्हा सरळ केला. आतला शिक्का प्लास्टिकमध्ये विरघळून जांभळा ढग झाला होता आणि सहीचं नुसतं शेपूट उरलं होतं.

“लॅमिनेशन चालणार नाही,” त्या म्हणाल्या. “ताजी प्रत आणा.”

त्याने मध्ये तोंड घातलं की मॅडम, माणूस तर तोच आहे ना. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढे जिना उतरेपर्यंत गप्प होता. माझ्या मात्र डोक्यात तिडीक गेली होती, आणि ती बाईंवर नव्हती. नवऱ्याच्या मृत्यूची ताजी प्रत, हे शब्द कुणीतरी इतक्या सहज उच्चारावेत आणि त्यात त्यांची काही चूक नसावी, याचा राग कुणावर काढायचा ते कळेना. म्हणून मी तो रिक्षावाल्यावर काढला.

संध्याकाळी दाखला परत फाइलमध्ये घातला आणि फाइल जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तेव्हा सासूबाई जमिनीवर पेपर पसरून सुक्या कोलंबीचे सोडे निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “त्याचो दाखलो खंय नेललंस?”

फाइल मी उलटी ठेवली होती. मी म्हटलं, बँकेत केवायसी होती. आमच्या घरात कुठल्याही अडचणीच्या प्रश्नाला हे उत्तर चालायचं. केवायसी म्हटलं की माणसं खचतात आणि पुढे विचारत नाहीत.

“मेलेल्या माणसाची?” त्या म्हणाल्या.

मग मी खाली बसले आणि सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. मधूनच मीही सोडे निवडायला लागले होते एवढं आठवतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माझं संपल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, “पिठी खाता, तोच मा?” मी हो म्हटलं. त्यांनी उरलेले सोडे निवडून संपवले. मग हात झटकले, उठल्या आणि विचारलं की दाखल्याचं काय म्हणाले ऑफिसात. लॅमिनेशन चालत नाही, असं मी सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम पडला. मी दुसरं लग्न करते आहे याने पडला नव्हता तेवढा पडला.

प्रत आणायला वॉर्ड ऑफिसात मी एकटी गेले असते तरी चाललं असतं. पण त्या तयार होऊन दारात उभ्या होत्या, इस्त्रीच्या साडीत. म्हणाल्या, मीच प्लास्टिक घातलं, मीच काढून आणणार. खिडकीवरच्या तरुण क्लार्कने अर्ज दिला. त्यात प्रत कशासाठी हवी, असा एक रकाना होता. मी पेन हातात धरून थांबले. इस्टेट, पेन्शन, विमा, असे सभ्य पर्याय डोळ्यांपुढून गेले. तेवढ्यात सासूबाईंनी खिडकीत वाकून सांगून टाकलं.

“लग्नासाठी.”

क्लार्कने वर पाहिलं. कुणाचं लग्न, असं त्याने विचारलं. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग त्याने विचारलं की आजी, मयताच्या तुम्ही कोण. त्या म्हणाल्या, आई. तो एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग भराभर कीबोर्ड बडवायला लागला. त्याच्या नोकरीच्या प्रशिक्षणात हा प्रसंग घेतला नसावा.

दोन प्रती छापून आल्या. कागद कोमट होता. वर नवऱ्याचं नाव, मध्ये ती जुनी तारीख, आणि खाली प्रत दिल्याची आजची तारीख. त्या आजच्या तारखेने माझी वाट लावली. इतक्या वर्षांपूर्वी गेलेला माणूस आज सकाळी पुन्हा जाहीर झाला होता, आणि तोही मी मागणी केली म्हणून. मी तिथेच, जन्ममृत्यूच्या खिडकीसमोर, ओक्साबोक्शी रडले. मला त्याची आठवण आली एवढंच खरं होतं, आणि दुसऱ्याशी लग्न करायचंय हेही तेवढंच खरं होतं. सासूबाईंनी मला रडू दिलं. मग दोन्ही प्रती माझ्या हातातून काढून घेतल्या आणि एक मला परत दिली. दुसरी त्यांनी भाजीच्या पिशवीत सरकवली. ती कुठे जाणार हे विचारायची गरज नव्हती.

इथवर सगळं इतकं छान चाललं होतं की मला संशय यायला हवा होता. त्या रात्रीच्या जेवणानंतर त्यांनी सांगितलं की लग्न झालं की त्या बोरिवलीला लेकीकडे जाणार. भांडण नाही, रुसवा नाही. तुमच्या नव्या संसारात म्हाताऱ्या बाईचं काय काम, एवढाच मुद्दा. मी म्हटलं, घर तुमचं आहे, नाव तुमचं आहे, जायचं असेल तर आम्ही जाऊ. त्या म्हणाल्या, ऑफिसला तुम्हाला जायचंय, गाड्या तुम्हाला पकडायच्यात, तुम्हीच राहा. मी आवाज चढवला. त्यांनी टीव्हीचा चढवला.

पुढचा महिना नोटिशीचा होता. या कायद्यात लग्नाआधी तुमची नोटीस कार्यालयाच्या फळ्यावर महिनाभर लावतात, कुणाची हरकत असेल तर त्याने यावं म्हणून. शेजारच्या काकूंनी बघितलं तर, ऑफिसातल्यांनी बघितलं तर, या विचाराने मी रोज पाव किलोने कमी होत होते. प्रत्यक्षात तो फळा कुणीही वाचत नव्हतं. वाचायला गेलं ते एकच माणूस. सासूबाई मैत्रिणीला घेऊन दोन बस बदलून गेल्या, चष्मा लावून आमची नोटीस अथपासून इतिपर्यंत वाचली आणि परत येऊन म्हणाल्या, “फोटो बरो नाय इलो तुझो.” संबंध उपनगरांतून आमच्या लग्नावर आलेली ही एकमेव हरकत.

इकडे घरात त्यांची आवराआवर चालली होती. मसाल्याच्या बरण्यांवर त्या चिठ्ठ्या चिकटवत होत्या. तिखटाचं प्रमाण, कोकमं किती घालायची, पिठी कुठल्या कढईत. मी ते बघायची आणि माझं पित्त खवळायचं. एकदा सरळ सांगितलं की या चिठ्ठ्या लावू नका, मला चीड येते. त्या म्हणाल्या, वाचू नको.

त्याला मी ऑफिसात सांगितलं की तूच आमच्याकडे राहायला येणार आहेस, आणि त्यांना तूच थांबव. तो बिचारा रविवारी आला, भरपेट जेवला आणि म्हणाला, मावशी, तुम्ही गेलात तर मी इथे येऊन करू काय. त्या म्हणाल्या, “घरजावई होणार तू, या वयात?” तो कानापर्यंत लाल झाला. हसता हसता त्यांनी त्याला आणखी एक घावन वाढलं आणि मुद्दा तिथेच राहिला. त्यांची बॅग पलंगाखालून बाहेर आलेली होती, ती काही परत आत गेली नाही.

लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. एक त्याचा मित्र, एक माझी मैत्रीण. तिसऱ्या सासूबाई. त्यांना मीच म्हटलं होतं आणि त्या नाही म्हणतील अशी खात्री होती. त्या फक्त म्हणाल्या, आधार कार्ड लॅमिनेट केलेलं आहे, चालेल का बघ. झेरॉक्स चालणार होती.

कार्यालयाच्या भिंतीवर पाटी होती: येथे अक्षता व फुले टाकू नयेत. सासूबाईंनी ती वाचली आणि रुमाल धरलेली उजव्या हाताची मूठ आणखी घट्ट मिटली. रुमालात काय बांधलंय ते मला तेव्हा समजलं. पुढचा तासभर त्यांनी सगळी कामं डाव्या हाताने केली.

साक्षीदारांची माहिती एक मध्यमवयीन गृहस्थ त्यांच्या वहीत उतरवून घेत होते. मित्राचं झालं, मैत्रिणीचं झालं. मग सासूबाईंकडे वळून त्यांनी विचारलं की आजी, तुम्ही कोण.

“हिची सासू,” त्या म्हणाल्या.

गृहस्थांनी हसून त्याच्याकडे पेन रोखलं. म्हणजे यांच्या आई. तो नाही म्हणाला. मग कोण, असं त्यांनी पुन्हा विचारलं. सासूबाईंनी पुन्हा तेच सांगितलं. गृहस्थांनी पेन खाली ठेवलं आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं की आजी, हिचं लग्न तर अजून व्हायचंय. सासू सह्या झाल्यावर होते.

मला वाटलं, आता त्या ‘बरं, शेजारीण लिहा’ म्हणतील. त्या खुर्चीवर ताठ झाल्या.

“सह्या तुमच्या आज होतायत. मी आधीपासून आहे. तुम्ही कागद केलात म्हणून मी हिची कोणी नाही, असं होत नाही.”

आणि तिथे, सगळ्यांसमोर, माझा तोल गेला. “मग बोरिवलीला कशाला जाताय?” मी म्हटलं. आवाज बहुतेक मोठा होता, कारण रांगेतलं एक कोवळं जोडपं सेल्फी घ्यायचं थांबलं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मुठीतल्या रुमालाकडे बघत राहिल्या. त्या हळूच म्हणाल्या, “माका कोण म्हणालाच नाय, रव म्हणान.”

महिनाभर मी त्यांना घर तुमचं म्हटलं, नाव तुमचं म्हटलं, चिठ्ठ्या लावू नका म्हटलं, त्याला पुढे केलं. राहा, हा एवढा एक शब्द मी म्हटला नव्हता. मला वाटलं होतं तो कळतोच.

“राहा आई,” मी म्हटलं.

गृहस्थांनी घसा खाकरून विचारलं की नातं काय लिहू. सासूबाईंनी डाव्या हाताने डोळे पुसले आणि सांगितलं, सासू लिहा. त्यांनी ‘नातेवाईक’ लिहिलं. मग आम्हाला आत बोलावलं. अधिकाऱ्यांच्या मागोमाग एकेक वाक्य आम्ही म्हटलं, सह्या केल्या, अंगठे उमटवले. साहेबांना सर्दी झाली होती, त्यामुळे माझ्या लग्नाच्या शपथेत दोन शिंका आहेत. अक्षता खाली फुटपाथवर, सरकारी हद्दीबाहेर आल्यावर पडल्या.

बॅग पलंगाखाली परत गेली. चिठ्ठ्या मात्र बरण्यांवर अजून आहेत, कारण आता पिठी तो करतो.

यानंतर रेशन कार्डाचं काम निघालं. मुलीचं लग्न झालं की तिचं नाव माहेरच्या कार्डातून कमी करतात आणि सासरच्या कार्डात चढवतात, ही आपली रीत. माझं नाव कुठून कमी करायचं आणि कुठे चढवायचं, यावर घरात बरीच करमणूक झाली. शेवटी कुटुंबप्रमुख या नात्याने सासूबाईंनी निर्णय दिला की कुणाचं काही कमी करायचं नाही, फक्त त्याचं वाढवायचं. कुटुंबप्रमुखाशी नाते या रकान्यात त्याच्यापुढे त्यांनी स्वतःच्या अक्षरात ‘जावई’ लिहिलं. माझ्यापुढे पूर्वीपासून ‘सून’ होतं.

रेशनिंग ऑफिसातल्या माणसाने ते दोनदा वाचलं. या दोघांचं एकमेकांशी नातं काय, असं त्याने विचारलं. नवरा-बायको, सासूबाई म्हणाल्या. त्याने डोकं खाजवलं. सून असेल तर नवरा मुलगा पाहिजे, जावई असेल तर बायको मुलगी पाहिजे, कुठलं तरी एक बदला. सासूबाईंनी विचारलं की हिला मुलगी करायला काय लागतं. तो म्हणाला, आईच्या रकान्यात तुमचं नाव असलेला जन्माचा दाखला. त्या जरा वेळ खरोखरच विचार करत होत्या. मग म्हणाल्या, राहू दे, तसंच छापा. आमच्यामागे मोठी रांग होती म्हणून असेल, त्याने तसंच छापलं.

गेल्या आठवड्यात गॅसच्या कामासाठी ते कार्ड हवं होतं. निळी फाइल काढली तर त्यात नव्हतं. सगळं कपाट उपसलं, त्याच्यावर ओरडले, सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा विचारून झालं. तेवढ्यात सासूबाई दारातून आत आल्या, भाजीच्या पिशवीतून एक चकचकीत कागद काढला आणि पंख्याखाली धरून उभ्या राहिल्या.